स्पर्धक पाहिजे

आमच्या गल्लीतल्या एकुलत्या एक आटाचक्कीवर पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं : ‘इथे दळण टाकण्याआधी दुसरीकडे चौकशी करून या.’ खाली सही केल्यासारखं नाव, गुलाबराव लांजेवार, प्रोप्रायटर.

महाल या जुन्या वस्तीतल्या त्या गल्लीत आम्ही नवीन राहायला आलो होतो. आम्ही म्हणजे मी, आई आणि धाकटी बहीण कुसुम. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण. पहिल्याच रविवारी कमरेवर गव्हाचा डबा घेऊन त्या पाटीपुढे उभी राहिले आणि थक्क झाले. मला वाटलं, कोणीतरी दुष्टाव्यानं लावली असणार. आत पिठानं माखलेला एक धिप्पाड माणूस स्टुलावर बसून पुस्तक वाचत होता. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या आणि पुस्तकही पांढरं.

“अहो, ही पाटी कोणी लावली?”

“मीच लावली जी.”

“म्हणजे तुमच्याकडे दळायचं नाही?”

“दळाचं ना! काहून नाई? पण आधी चौकशी करून या. हक्क हाय तुमचा.”

“कुठे करू चौकशी? दुसरी चक्की आहे कुठे इथे?”

त्यांनी पुस्तक मिटलं आणि एवढा मोठा उसासा टाकला की पुस्तकावरचं पीठ उडालं. “नाई ना बाप्पा! तेच तर दुखणं हाय.”

ही आमची पहिली भेट. मी घरी येऊन आईला सांगितलं, चक्कीवाला वेडा आहे. आई म्हणाली, दळतो कसा ते सांग. दळत होता तर उत्तम. पिठाला हात लावला की समजायचं.

सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि देशात मक्तेदारीविरोधी कायदा नवा नवा आला होता. तो आणला होता मोठमोठ्या भांडवलदारांना आवरायला. पण ज्यांच्यासाठी आणला त्यांच्यापैकी कोणी तो गुलाबरावांइतक्या मनापासून वाचला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे दळण टाकणाऱ्या एका वकिलांनी त्या कायद्यावरची मराठी पुस्तिका त्यांना दिली होती. ती चक्कीत राहून राहून इतकी पिठाळली होती की पान उलटलं की शिंक यायची. “काय आहे हो त्यात एवढं?” मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “सोपं हाय बाई. एकटाच दुकानदार असला का तो माजते. चार असले का चारही नरम राहते. सरकार म्हणते, कोणाले माजू देऊ नका. एवढंच हाय.”

एवढंच होतं, पण त्या एवढ्यानं गल्लीला सळो की पळो करून सोडलं.

गल्लीत दूध घालणारे चार गवळी होते. एका सकाळी चौघांनीही दुधाचा भाव वाढवला. सगळ्यांनी चरफडत का होईना दिला. गुलाबराव मात्र लोटा उलटा धरून रस्त्यात उभे. “चौघं कुठं बसून ठरवलं बे हे?” गवळी म्हणाला, “ठरवाचं काय त्यात, चारा महाग झाला.” “चौघायचा चारा एकाच दिवशी महाग झाला काय? येगळं येगळं धंदा करता ना? मंग भाव संगनमतानं काहून? कलम लागते याले!” त्या दिवसापासून त्यांच्या घरी काळा चहा सुरू झाला. पाहुणा आला तरी काळा, सोयरा आला तरी काळा. त्यांची बायको तुळसावहिनी माझ्याकडे येऊन गुपचूप दुधाचा चहा पिऊन जायची. मी खूप हसले. आणि तीन आठवड्यांनी चौघांतल्या एकानं भाव उतरवला! दुसऱ्या दिवशी बाकीच्या तिघांनीही उतरवला. मग मात्र मी हसले नाही.

मग माझ्या गॅसचं प्रकरण. नंबर लागला म्हणून मी आनंदानं दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, सिलिंडर पाहिजे असेल तर शेगडीही आमचीच घ्यावी लागेल. शेगडी महाग होती. मी गल्लीत नुसता विषय काढला आणि गुलाबराव सदरा झटकत माझ्यासोबत निघाले. दुकानात शेगडीचं एक खोकं होतं, त्यावर जाऊन बसले. “एका वस्तूच्या गळ्यात दुसरी वस्तू बांधून विकता येत नाई. लिवून द्या, शेगडी नाई तर ग्यास नाई म्हणून. मी दिल्लीले पाठवतो.” दीड तास उठले नाहीत. शेवटी दुकानदारानं हात जोडले आणि नुसतं सिलिंडर दिलं. मी जिंकले म्हणून नाचतच घरी आले. पण शेगडी कुठे होती? ती गुलाबराव घेऊ देईनात. “पाच दुकानं पाहा बाई, भाव पाहा. घाई नाई करायची.” दीड महिना आमच्या घरात सिलिंडर कोपऱ्यात उभं आणि आई स्टोव्हला पंप मारतेय. आईनं मला काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

दिल्लीला पाठवायचे अर्ज कोण लिहायचं? मी. माझं अक्षर चांगलं आहे ही माझी चूक. ते सांगायचे, मी लिहायचे. हा कायदा राबवणाऱ्या दिल्लीच्या कमिशनकडून एकदाच एक छापील पोच आली, तर त्यांनी ती फ्रेम करून चक्कीत टांगली.

आणि मग तो दिवस. कुसुमला पाहायला पाहुणे येणार होते. आमच्याकडे खुर्च्या कमी, म्हणून गुलाबराव त्यांच्याकडच्या दोन घेऊन आले आणि आईनं आग्रह केला म्हणून बसले. मी पोह्यांच्या बशा देत होते. मुलाचे वडील गोड आवाजात म्हणाले, “आमचं मागणं तसं काही नाही. मुलगा बँकेत आहे, जायला-यायला एक स्कूटर, आणि दिवाणखान्याला सोफासेट. बस.”

आई मान घालून बसलेली. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

“जमत नाई जी. कलम लागते.”

मुलाच्या वडिलांनी विचारलं, हे कोण?

“मी चक्कीवाला. हे जोडून गळ्यात मारणं झालं, भाऊ. तो ग्यासवाला तरी बरा. तो ग्यासच्या संगं निदान शेगडी देऊन राहिला होता. तुमी तं पोरगं देऊन वरून स्कूटर घेऊन राहिले!”

पाहुणे पोहे टाकून उठले. आईनं पदर तोंडाला लावला. कुसुम आत हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येत नाही. तिचं पुढे चांगल्या घरी झालं, काही न देता झालं, ते सोडा. त्या दिवशी मात्र माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी गुलाबरावांना दारातच सांगितलं, “आजपासून तुमचं तोंड पाहणार नाही.”

चौथ्या दिवशी पीठ संपलं.

आता जायचं कुठे? डबा घेऊन दुसऱ्या चक्कीपर्यंत चालायचं म्हणजे खांदा निखळायचा, आणि रिक्षा केली तर ती दळणापेक्षा महाग. निमूट गेले. डबा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. गुलाबरावांनी दळण केलं, चक्की बंद केली आणि हळूच म्हणाले, “पाहा बाई. तुमाले माहा एवढा राग आला, तरी तुमाले इथंच यावं लागलं. याले म्हणते मक्तेदारी. माणसाले धड रागावताबी येत नाई.”

मी वळून पाहिलं. थट्टा करत नव्हते. चेहरा एवढासा झाला होता.

“म्हणून सांगतो, आता कागद काढा. जाहिरात लिवाची हाय.”

ती जाहिरात माझ्याच अक्षरात आहे, म्हणून मी शपथेवर सांगू शकते : ‘स्पर्धक पाहिजे. महालात चालत्या आटाचक्कीसमोर दुसरी चक्की टाकण्यासाठी जागा भाड्याने देणे आहे. भाडं कमी. गिऱ्हाईक भरपूर. काम चांगलं येत असावं.’ जागा गुलाबरावांचीच, समोरची रिकामी गोदामाची खोली. मी डोक्याला हात लावला. “अहो, स्वतःच्या पोटावर पाय आणायला जागा पण स्वतःचीच देता?” ते म्हणाले, “मंग काय दुसऱ्याची देऊ?” मी अशा पाच प्रती लिहिल्या. एक कामठीच्या बसस्टँडवर लावली, तर उरलेल्या चारही गुलाबराव पारशिवनीला जाणाऱ्या कंडक्टरच्या हातात देऊन आले. पारशिवनीत असे कोणते चक्कीवाले मोकळे बसलेत, हे मी विचारलं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

सहा महिने कोणी आलं नाही. लोकांना वाटायचं, यात काहीतरी डाव आहे. मग एका सोमवारी समोर ट्रक थांबला. चक्कीचे दगड उतरले, मोटर उतरली, आणि एक सडपातळ, काळसर, मिशीवाला माणूस उतरला. नाव शामराव. गुलाबराव हात पुसत पुढे गेले, तर शामरावांनी पाठ फिरवली. भाड्याचे पैसे तुळसावहिनीच्या हातात दिले आणि खोलीत शिरले. मला वाटलं, काय उर्मट माणूस आहे! गुलाबराव मात्र दिवसभर गल्लीत सांगत फिरत होते, “आला! स्पर्धक आला!”

चार दिवसांनी शामरावांची चक्की सुरू झाली. दारावर खडूनं लिहिलं होतं : ‘दळण फुकट.’

आम्ही सगळ्या बायका हादरलो. आठ दिवस फुकट, पंधरा दिवस फुकट, असं काही नाही. नुसतं फुकट. मी आत जाऊन विचारलं, “किती दिवस?” शामराव मोटरचा पट्टा चढवत म्हणाले, “समोरची बंद होईपर्यंत.”

एवढं उघड, एवढं थंडपणे! पण खोटं कशाला बोलू, माझा डबाही त्यांच्याच रांगेत होता. महिनाभर अख्खी गल्ली तिकडे. गुलाबरावांच्या चक्कीच्या पट्ट्यावर चिमण्या बसू लागल्या. दुसऱ्या महिन्यात वीज तोडण्याची नोटीस आली. तुळसावहिनी माझ्याकडे चहाला आली. मोटरसाठी गिऱ्हाईक पाहून राहिले, म्हणाली.

मी तिरमिरीत उठले. कागद घेतला, पेन घेतलं आणि तडक चक्कीत गेले. “सांगा. लिहिते. भाव पाडून समोरच्याला उठवणं, हे तर तुमच्या पुस्तिकेतलंच कलम! तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलंय. जन्मभर दुसऱ्यांसाठी अर्ज केलेत, आज स्वतःसाठी करा.”

“नाई जी.”

“का नाही?”

“या कलमाचा अर्ज मी नाई करू शकत,” असं म्हणून ते मागच्या दारानं निघून गेले. मी कागद घेऊन वेड्यासारखी उभी. शेवटी माझ्या मागोमाग आलेल्या तुळसावहिनीनं मला खाली बसवलं.

“बाई, तो शामराव कोण हाय माहीत हाय काय तुमाले? माहा दीर हाय तो. याहीचा सख्खा, पाठचा. गल्लीतल्या जुन्या लोकायले माहीत हाय, पण तोंडावर कोणी काढत नाई.”

“आं? सख्खा भाऊ?”

“बाप गेला तवा दोघं भाऊ येगळे झाले. शामरावानं याच गल्लीच्या टोकाले चक्की टाकली. चांगली चालली. याहीच्या डोळ्यात सललं. मंग याहीनं अख्खा पावसाळा दळण फुकट केलं. हो, याहीनंच! शामरावाकडे एक डबा येईना. दिवाळीच्या आत त्यानं दगड मातीमोल विकले अन् बायकोच्या गावाले, पारशिवनीले गेला. दुसऱ्याच्या चक्कीवर मजुरी करत राहिला. अकरा वर्सं झाली. इकडे हे जिंकले. अन् मंग वकीलसायबानं ते पुस्तक देल्लं. ते कलम आलं तवा मले हाक मारली, तीनदा वाचून दाखवलं. म्हणाले, ‘काय वं, दिल्लीच्या लोकाईले माहं कसं समजलं?’ अन् एवढे रडले बाई, एवढे रडले, मले काई सुचेना.”

मी पेनाचं टोपण लावलं. गेली दोन वर्षं मी ज्याला खूळ म्हणत होते, ज्याच्यावर शाळेत मैत्रिणींना गोष्टी सांगून हसवत होते, ते हे होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि गुलाबरावांचा रागही आला. दोन्ही एकदम आलं.

“मग माफी का मागत नाहीत सरळ?”

“दोनदा गेले पारशिवनीले. त्यानं दार नाई उघडलं. पैसे पाठवले, ते वापस आले. हे म्हणे, भाऊ म्हणून तो येणार नाई. वैरी म्हणून बोलावतो. वैरी म्हणून तरी येईल.”

दोन दिवसांनी रविवार होता. शामरावांच्या चक्कीवर रांग लागली होती आणि मी मध्यावर होते. एकदम पुढच्या बायका गप्प झाल्या. गुलाबराव डबा घेऊन येत होते. स्वतःच्या चक्कीचं दार ओढून, रस्ता ओलांडून आले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले. मी पाहतच राहिले. चक्कीवाला दुसऱ्याच्या चक्कीवर दळायला आलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

शामरावांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. गुलाबरावांच्या डब्यात ज्वारी होती. आमचे सगळे गहू. गव्हाच्या मध्ये ज्वारी घातली तर पुढचीच्या कणकेत ती मिसळते, म्हणून चक्कीवर ज्वारी शेवटी घ्यायची रीत. मागून येणाऱ्या प्रत्येकीला गुलाबराव पुढे जागा देत होते. दोन तास उभे राहिले. माझं दळण झालं, तरी मी तिथेच राहिले. माझा पाय निघेना.

सगळ्या गेल्या. शामरावांनी ज्वारीत हात घातला, मूठभर वर काढली, पाहिली. मग दगड थोडा सैल केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, याले बारीक पिठाची भाकर चालत नाई. पोट दुखते याचं.”

गुलाबरावही माझ्याकडेच बघून म्हणाले, “बाई, त्याले सांगा, आता चालते म्हणा.”

“बाई, त्याले सांगा, खोटं नको बोलू.”

मी मधे उभी. काय सांगणार, कपाळ! दोघंही माझ्याकडे बघत होते आणि दोघांचेही डोळे भरले होते. मग शामरावांनी चक्की सुरू केली आणि तिच्या घरघरीत पुढचं काही ऐकू आलं नाही. ज्वारी जाडच दळली गेली.

पुढच्या सोमवारी फुकटची खडूची अक्षरं पुसलेली दिसली. दोन्ही चक्क्या सुरू. गल्ली खूष झाली, मी सगळ्यांत जास्त. पण आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की दोन्हीकडे भाव एकच आहे. पैशाचाही फरक नाही. सुट्टीही दोन्हीकडे मंगळवारी. आणि मग एका सकाळी दोन्हीकडे भाव दोन पैशांनी वाढला. एकाच सकाळी!

माझं डोकं भणभणलं. या माणसानं गवळ्यांना रस्त्यात धरलं होतं! मी डबा घेऊन गुलाबरावांपुढे उभी राहिले. “तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं ना हे?”

त्यांनी मान खाली घातली. “हो जी.”

“कधी?”

“रविवारी. शाम्या जेवाले आला होता आमच्या घरी.”

“आणि अकरा वर्षांनी भाऊ जेवायला आला, तर तुम्ही बसून भाव ठरवलात? दुसरं काही बोलायला नव्हतं?”

“काय बोलावं बाई? मायचं नाव काढलं का त्याचं तोंड बंद होते. पारशिवनीचं काढलं का माहं होते. दोघंबी नुसते ताटाकडे पाहून राहिलो. मंग तो म्हणे, दादा, भाव काय ठेवून राहिला तू? मी सांगतला. तो म्हणे, मीबी तोच ठेवतो. मंग सुट्टीचं बोललो. मंग दोन पैशाचं बोललो. चार वाजले जी. तो उठलाच नाई.”

“गुलाबराव, हा गुन्हा आहे.”

“हाय ना. माहीत हाय मले. कलमबी माहीत हाय.” त्यांनी माझा डबा उचलला, पण दळायला घातला नाही. दोन्ही हातांत तसाच धरून उभे राहिले. “पण बाई, तुमीच सांगा. भाव येगळा ठेवला, तर पुढच्या रविवारी काय बोलू मी त्याच्याशी?”

मी वाढीव भावानं दळण घेतलं आणि घरी आले.